सात मैल मुरूम

१६ ऑगस्ट १९४३, सोमवार. येडशी चौकी

सायकल आज ताब्यात मिळाली. काळी, विलायती, पुढं दिवा, मागं सामानाची जाळी. कचेरीत तीन ठिकाणी सह्या घेतल्या. या टापूत सायकल असलेला जंगल खात्याचा नाकेदार मी एकटाच.

आमचे वरिष्ठ अमीनसाहेब म्हणाले, "देख विरुपाक्ष, लढाईपायी पेट्रोल बंद, माझी मोटार बंद. आता सडकेवर नजर ठेवायची ती तुझ्या दोन चाकांनी."

सडक म्हणजे खिंडीपासून वर माळावरच्या सरकारी बंगल्यापर्यंत गेलेला सात मैल मुरूम. दोन्ही अंगांना धावडा, सालई, पळस, मधूनच सीताफळीची झुडपं. डोंगराच्या कडेकडेनं जाते. बैलगाड्यांना बंदी आहे, कारण चाकाच्या लोखंडी धावेनं मुरूम कापला जातो. दोन्ही तोंडांना आडवं लाकूड आणि कुलूप. खालची किल्ली माझ्याकडं, वरची बंगल्यावर. पायी माणूस चालेल, घोडं चालेल, सायकल चालेल.

दुपारी पहिल्यांदा पूर्ण सडक मारली. पाऊस होऊन गेला होता. चाकाखाली मुरूम बारीक करकरत होता आणि सात मैलांत समोरून एक माणूस आला नाही. दिसेल तो दगड उचलून दरीत टाकत गेलो. असं सुख मला आजवर कुठं मिळालं नाही. अणदूरच्या घरी चार भावांत एक खोली, शाळेत एका बाकावर पाच जण. इथं सगळी वाट माझी.

चौकीवर गोरोबा म्हणून जुना पहारेकरी आहे. पन्नाशीचा, इथलाच. म्हणाला, "ही पळसखोरीची गाडीवाट व्हती, नाकेदार. त्यांच्याकडूनच मुरूम टाकून घेतला, दोन उन्हाळे, वेठीला. आता त्यांनलाच बंद."

मी म्हटलं, सरकारी जंगलात कुणाची वाट नसते.

त्यानं बिडी पेटवली आणि बोलला नाही. बिडी पेटवून न बोलणं ही इथल्या माणसांची खोड दिसते.

२० ऑगस्ट, शुक्रवार

काल गुरुवारी साहेबांच्या हुकमानं दिवसभर उस्मानाबादला कचेरीत होतो. (इथले लोक अजून धाराशिवच म्हणतात. तेवढंही बदलायला तयार नाहीत.) आज सकाळी गस्तीला निघालो तर चौथ्या मैलापासून वर सडकेवर चाकोऱ्या. ताज्या. चार बोटं खोल. आणि पुढं वळणावर बाभळीचे काटे, मुद्दाम पसरलेले. दोन्ही चाकं बसली. चार मैल सायकल ढकलत आलो.

कुलूप दोन्ही तोंडांना जागच्या जागी. म्हणजे गाडी झाडीतून आडवी घातली. पळसखोरी पाचव्या मैलाला दरीत आहे. दुसरं कोण असणार?

२१ ऑगस्ट

पळसखोरीत गेलो. पंचवीस उंबऱ्यांचं गाव. पोरं सायकल बघायला आली, त्यांना आयांनी हाका मारून घरात घेतलं. कुणी बाज टाकली नाही. पाणीसुद्धा मागावं लागलं.

गावात गाड्या चार. तीन मोडक्या. धड गाडी एकच, सारजाबाईची. बाई पन्नाशीची, काळी, उंच, कपाळावर आडवं कुंकू. नवरा दगडोबा ओट्यावर बसून असतो. सडकेच्या खाणीत सुरुंगाचा दगड लागून त्याचा पाय निकामी झाला. कारभार बाईच्या हाती.

"परवा गाडी सडकेवर घातलीस?" मी विचारलं.

"म्या घातली असती तर तुज्या म्होरं घातली असती. चोरून कशापायी घालू? वाट माज्या सासऱ्यानं पाडलेली हाय."

"काटे कुणी टाकले?"

"काटं?" ती हसली. "काटं टाकाया मानूस लागतंय व्हय रं बाबा? ह्या डोंगरात काट्याबिगर हाय काय?"

सरकारी माणसाला अरेतुरे करते. गावातले पुरुष मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यांच्या मिशांखाली काय चाललं होतं ते मला दिसत होतं.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा तेच. चाकोऱ्या आणि काटे. यावेळी मुरमावर काळी भुकटीही होती, मैलभर सांडत गेलेली. चुलीची राख असावी. बायका मुद्दाम सडकेवर आणून टाकत असतील, घाण करायला. ही माणसं मला समजतात काय?

ट्यूबला आता सहा ठिगळं. रबराचं सोल्युशन संपत आलं. नवी ट्यूब बार्शीत नाही, सोलापुरात नाही. सगळं रबर लढाईवर गेलं.

३ सप्टेंबर, शुक्रवार

चाकोऱ्या. काटे. राख.

९ सप्टेंबर

कचेरीत साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. असा वरिष्ठ मिळायला नशीब लागतं. म्हणाले, "पळसखोरीवाले बदमाश आहेत. एकाला धर, बाकीचे सुधारतात. आणि तुझ्या गस्तीचा तक्ता लिहून दे मला. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठवर. कागदावर असलं की काम बरं होतं."

रात्री बसून कचेरीच्या भाषेत, सुंदर उर्दूत तक्ता केला. गुरुवारी कचेरी, शुक्रवारी आठनंतर गस्त, असं सगळं.

गोरोबानं विचारलं, "गुरुवारीच का बोलावत्यात ओ तुमाला दर वक्ती?"

मी म्हटलं, तो साहेबांचा प्रश्न आहे. त्यानं बिडी पेटवली.

२२ सप्टेंबर, बुधवार

धरली.

सीताफळं डोळे उघडायला लागली आहेत. पळसखोरीच्या बायका पाट्या डोक्यावर घेऊन नाळेनं उतरतात आणि येडशी स्टेशनावर छोट्या गाडीला विकतात. नाळ म्हणजे दगडधोंड्यांची उभी घळ. दोन तास लागतात आणि निम्मी फळं फुटतात, असं त्यांचं रडगाणं. मी ऐकलेलं आहे.

आज दहा वाजता तिसऱ्या मैलाला समोरून गाडी. भर उन्हात, घुंगरं वाजवत. सारजाबाई पुढं चालत होती, गाडीत बारा पाट्या.

मी सायकल आडवी लावली. "गाडी थांबव."

"थांबीवली. बोल."

"हुकूम माहीत आहे ना?"

"हाय की. तूच म्हनलास, म्या चोरून गाडी घालती. म्हून आज उजेडात घातली. बघून घे, चोरून आन् उजेडात काय फरक असतुया."

"बैल सोड. चौकीवर जमा होतील."

तिनं पाट्यांकडं बघितलं. मग हळू म्हणाली, "फळं उतरवून येऊ दे. येताना बैल तुज्या दारात बांधते. सबूद देते."

मी नाही म्हटलं. हुकूम म्हणजे हुकूम. एकदा सोडलं की उद्या चौघं गाड्या घालतील. मी स्वतः जुंपणी सोडली. गाडी सडकेच्या कडेला पाट्यांसकट उभी राहिली. ती पाट्यांजवळ बसली. मी बैल घेऊन निघालो तेव्हा माझ्या पाठीमागं शिवी आली नाही. मी शिवीची वाट बघत होतो.

बैल कोंडवाड्यात बांधले. मोठा पांढरा आहे, दुसरा करडा. वैरण मी हातानं टाकली.

२५ सप्टेंबर, शनिवार. उस्मानाबाद

गुरुवारी आलो तो अजून इथंच. साहेबांनी सडकेचा नकाशा उतरवून काढायला बसवलं आहे. बैलांचं विचारलं तर म्हणाले, "राहू दे आठ दिवस. अक्कल येईल."

उद्या दुपारपर्यंत सुटका होईल.

२६ सप्टेंबर, रविवार

पांढरा बैल मेला.

मी तीनला पोचलो. दाव्यात पुढचा पाय अडकून तो पडला होता. उठता आलं नसावं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. करडा त्याच्या अंगाला टेकून उभा होता. दोघांच्या पुढ्यातली पाण्याची दोणी कोरडी.

गोरोबा शुक्रवार सकाळपासून लेकीकडं ढोकीला गेला होता, तो माझ्यानंतर आला. बैलांकडं बघ म्हणून मी त्याला सांगितलं होतं बहुतेक.

सांजच्याला सारजाबाई आली. गोरोबानंच निरोप धाडला. बरोबर गावचे चार पुरुष. ती बैलाजवळ बसली, त्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडली, पायातलं दावं सोडवलं. मेलेल्या बैलाचं दावं.

मग माझ्याकडं वळली. "पानी पाजलं व्हतंस?"

"नियमाप्रमाणं व्यवस्था होती."

"नियम पितुया व्हय बैल?"

पुरुषांतला एक पुढं सरकला, त्याच्या हातात कुऱ्हाड होती. तिनं त्याला नुसत्या हातानं मागं केलं. करड्याला घेऊन ती निघाली. मी अडवलं नाही. खरं म्हणजे हुकमाप्रमाणं अडवायला हवं होतं.

२७ सप्टेंबर

मी गोरोबाला सांगितलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी त्यानं स्वतःच विचारलं होतं, "बैलांचं कसं करायचं, मला ढोकीला जायाचंय." मी म्हणालो, मी बघतो. असं काल लिहायला हवं होतं.

पण गाडी तिनं घातली होती. आधीही तिनंच घातल्या होत्या. हे विसरून चालणार नाही.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

काल कचेरीत गेलो नाही. ताप आहे असा निरोप धाडला. ताप नव्हता, कुणाचं तोंड बघवत नव्हतं. पहाटे झोप लागेना म्हणून उजाडताना सायकल घेऊन वर निघालो. तक्त्याप्रमाणं आठ वाजता निघायचं होतं. ट्यूब दुसऱ्या मैलालाच बसली. ढकलत चालत राहिलो.

चौथ्या मैलाच्या फाट्याशी वरून गाड्या आल्या. तीन. भरलेल्या, करकरत. पोती लादलेली आणि प्रत्येक पोत्यातून काळी भुकटी गळत होती. कोळसा.

पुढच्या गाडीवर ठेकेदाराचा माणूस, महांतप्पा. आमच्या समाजातला, नळदुर्गाकडचा. गळ्यातलं लिंग दाखवून त्यानं शरणू शरणार्थी केलं, घरचा पाहुणा भेटावा तसं.

"तुमी आज लवकर निघालात जणू," तो म्हणाला. "अमीनसाहेबांनी सांगितलं न्हाय का? पेट्रोल न्हाय तर मोटारी आता कोळशाच्या गॅसवर चालत्यात. लई मागणी. वरच्या माळामागं आमच्या भट्ट्या हायत. किल्ली साहेबच देत्यात."

"ह्या सडकेवर गाड्यांना बंदी आहे."

"म्हणून तर बरं हाय!" तो मनापासून म्हणाला. "वाटंत कुणी भेटत न्हाय. हितनं ह्या फाट्यानं खाली उतरलं की थेट बार्शीची हद्द, इंग्रजी मुलूख."

"आणि काटे?"

तो जरा ओशाळला. "ते आमचंच. तुमी मागनं लवकर आलात तर गाठ पडू नये म्हणून. साहेबच म्हणाले, पोरगं इमानदार हाय, त्याला तरास नको."

त्यानं गाडीतून कागदात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्या हातात दिली. नवी ट्यूब. बाहेर कुठंही मिळत नाही अशी. "लावा चाकाला. आपल्याच माणसाला न्हाय द्यायची तर कुणाला?"

गाड्या निघून गेल्या. मी रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब चढवली, हवा भरली आणि चौकीवर आलो.

हे मी केलं. उगाच खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

४ ऑक्टोबर

सायकल पाण्यासारखी चालते. काल आणि आज पूर्ण गस्त घातली. साहेबांना काही विचारायचं ठरवलं होतं, विचारलं नाही. विचारून काय होणार? बैल परत येणार आहे का? त्या बाईनं बुधवारी गाडी घातली होती हे तर खोटं नाही. मी तिला तेवढ्याचसाठी धरलं.

गोरोबाला ट्यूब दिसली. "कुठनं आणली?"

"सरकारातून आली."

"सरकार लई दयाळू झालंय," तो म्हणाला. बिडीसुद्धा पेटवली नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे बघितलं ते लिहितो.

पाचव्या मैलाच्या वळणावरून खाली पळसखोरीची शेतं दिसतात. शाळूची पेरणी चालू आहे. वाफसा चार दिवस टिकतो, तेवढ्यात पेरलं तर पेरलं. सगळ्यांच्या तिफणी चालू होत्या. कुणाचा बैल मोकळा नव्हता.

सारजाबाईच्या रानात दगडोबा एका पायावर रेलून तिफण धरून होता. जुवाच्या एका अंगाला करडा बैल. दुसऱ्या अंगाला ती. पदर कमरेला खोचून, खांद्यावर चिंध्यांची चुंबळ, तिच्यावर जू. बैल तिच्यापेक्षा जोरानं ओढायचा तसं तासं वाकडी जायची, मग ती जागीच थांबून बैलाशी काहीतरी बोलायची आणि पुन्हा वाकायची.

मी सायकल धरून उभा होतो. वळणावर आली तेव्हा तिनं वर बघितलं. तिला मी दिसलो. तिनं तोंड फिरवलं नाही आणि थांबलीही नाही. बघत बघत ओढत राहिली, तासाच्या टोकापर्यंत.

मी परत खाली आलो. सायकलवर बसावंसं वाटलं नाही.

१३ ऑक्टोबर

रपोट लिहिला. अमीनसाहेबांना नाही, थेट जिल्ह्याच्या तालुकदार कचेरीला. उर्दूत तीन पानं. कोळशाच्या गाड्या, वार, वेळ, वरची किल्ली, महांतप्पाचं नाव. शेवटी लिहिलं की पळसखोरीच्या सारजाबाईवर मी दोन महिने जो आळ घेतला तो खोटा होता, आणि तिचा बैल माझ्या ताब्यात असताना माझ्या हयगयीनं मेला. ट्यूब घेतल्याचंही लिहिलं. ते वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं.

गोरोबा म्हणाला, "वाचून दाखवा." वाचून दाखवलं. ऐकून म्हणाला, "तुमची नोकरी गेली."

"माहीत आहे."

"आन् साहेबाची न्हाय जायाची."

"तेही माहीत आहे."

"मग टपालात कशाला टाकता? द्या हिकडं. माजा साडू हाय तालुकदार कचेरीत शिपाई. टपालातनं जाईल ते साहेबांच्याच टेबलावर जाईल."

१४ ऑक्टोबर

खालचं कुलूप काढून ठेवलं. वरचं गोरोबानं दगडानं तोडलं. मी तोड म्हणालो नव्हतो. तोडू नको असंही म्हणालो नाही.

मग पळसखोरीत गेलो, सायकल चौकीवर ठेवून. सारजाबाई ओट्यावर खांद्याला हळद-तेल लावून बसली होती. मी उभाच राहिलो. कुणी बस म्हटलं नाही.

मी म्हणालो, "चाकोऱ्या तुमच्या नव्हत्या. मला कळलंय."

"मला कवाच ठाऊक व्हतं."

"बैलाला पाणी मी ठेवलं नव्हतं. ठेवायला सांगितलंही नव्हतं."

दगडोबानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आता कशापायी आलाय ह्यो? रडाया?"

"सडक मोकळी आहे," मी म्हणालो. "नवा नाकेदार येईपर्यंत. फळं उतरवून घ्या."

सारजाबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली. "म्हंजे तुजं मन मोकळं झालं. आता आमी बी तुला बरं म्हनावं, व्हय ना? जा. तुजं त्वांड बगितलं की मला त्याचं फुगल्यालं प्वाट दिसतंय."

गेलो.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

हुकूम आला. कामावरून दूर. सायकल सोमवारपर्यंत कचेरीत जमा करावी. कारण, 'सरकारी कुलूप तोडणे व ठेकेदाराकडून वस्तू घेणे'. ट्यूबचं माझंच वाक्य माझ्यावर लावलं आहे. बाकीच्या तीन पानांबद्दल एक अक्षर नाही.

पळसखोरीच्या मोडक्या गाड्याही दुरुस्त होऊन उतरू लागल्या आहेत. रोज दोन-तीन. सडकेची चाळण झाली आहे. गाडीवान माझ्याकडं बघत नाहीत.

२३ ऑक्टोबर, शनिवार

शेवटची एकदा सडक मारावी म्हणून सकाळी वर गेलो. परतताना दुसऱ्या मैलाच्या उतारावर, जिथं एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी आहे, तिथं पुढं सारजाबाईची गाडी होती. करड्याबरोबर गोरोबानं पेरणी आटोपल्यावर दिलेला तांबडा बैल. जोडी बसलेली नव्हती, तांबडा आडवा ओढत होता. पाट्यांच्या पुढं कासरा धरून दगडोबा, सारजाबाई चाकाजवळ चालत. मी मागं, अंतर ठेवून. सडक अरुंद, पुढं जायला जागा नाही. जायचंही नव्हतं.

एकाएकी तांबड्याच्या गळ्याची जुंपणी तुटली. तो जुवाखालून निसटला. सगळं वजन एकट्या करड्यावर आलं, त्याचे पाय मुरमावर घसरायला लागले आणि गाडी तिरपी होऊन दरीच्या अंगाला सुटली.

"धोंडा!" सारजाबाई ओरडली. "चाकाला धोंडा लाव!"

ती स्वतः चाकाच्या आऱ्यांना लटकली होती. दगडोबाला उडी मारता येईना. मी सायकल घेऊन पळत पुढं गेलो. दगड बघितला. एक नव्हता. दोन महिने रोज सडक झाडून, खडान्खडा वेचून दरीत फेकणारा मीच. कडेची तीन हात जागा उरली असेल. मी सायकल आडवी करून चाकापुढं टाकली आणि तिच्यावर पाय रोवून उभा राहिलो.

चाक सायकलीवर चढलं. आधी आरे मोडल्याचा आवाज आला, मग मधली नळी वाकली. गाडी हबकली आणि थांबली. एक पाटी उडून दरीत गेली. बाकी सगळं जागेवर.

 करडा धापा टाकत होता. मग आम्ही दोघांनी दगडोबाला खाली उतरवलं. तांबड्याला धरून आणलं, सारजाबाईनं आपल्या लुगड्याचा काठ फाडून जुंपणी बांधली. मी जू उचललं, तिनं बैल घातला. "वर धर." "सोड." "आता." एवढंच बोलणं.

चाकाखालून सायकल ओढून काढली. पुढचं चाक पापडासारखं झालं होतं.

"सरकारी हाय ना ती?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आता काय म्हनतील?"

"म्हणतील काहीतरी."

ती सायकलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यानं बैलाचं फिटलं असं समजू नगं."

"न्हाय समजत."

"टाक वर."

सायकल पाट्यांवर टाकली. मला बस म्हणाली नाही. स्टेशनापर्यंत गाडीमागं चालत आलो.

२५ ऑक्टोबर, सोमवार. उस्मानाबाद

सायकल भाड्याच्या टांग्यातून आणून जमा केली. कारकुनानं चष्मा वर करून तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. "कशानं मोडली?"

"बैलगाडीखाली आली."

"तुझ्या सडकेवर? तिथं गाड्यांना बंदी आहे ना?"

मी म्हणालो, गाड्या पहिल्यापासून होत्या. त्यानं ते लिहून घेतलं नाही. 'निष्काळजीपणा' असं लिहिलं. मी सही केली.

व्हरांड्यात अमीनसाहेब भेटले. रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तू चांगला पोरगा होतास. सडक नाही सांभाळता आली तुला." मी तो हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठाच्या अंगाला असा हात लावला. बाहेर येऊन अणदूरची वाट धरली.

५ फेब्रुवारी १९४४. अणदूर

तीन महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. भावांच्या रानात काम करतो, ते मला काम सांगतात आणि माझ्या तोंडाकडं बघत नाहीत. सरकारी नोकरी घालवून आलेला भाऊ कुणाला हवा असतो?

आज गोरोबा आला. खंडोबाला आलो असं म्हणाला, पण देवळात जाण्याआधी आमच्या दारात आला. बातमी सांगितली. तालुकदार कचेरीतून एक म्हातारा पेशकार चौकशीला आला होता, भट्ट्या बघून गेला. अमीनसाहेबांची बदली झाली, परभणीला, त्याच हुद्द्यावर. कोळशाच्या गाड्या बंद. पळसखोरीच्या गाड्यांना पुढच्या हुकमापर्यंत मुभा. नवा नाकेदार पायी फिरतो आणि त्याला दम लागतो.

"सडक कशी आहे?" मी विचारलं.

"सडक कुठली आता? गाडीवाट झालीया. गुडघ्याएवढ्या चाकोऱ्या."

मला वाईट वाटलं. ते लपवता आलं नाही.

जाताना तो दारात थांबला. "सारजाबाईचा निरोप हाय. तिनं सांगितलंय तसाच सांगतो, राग मानू नका. म्हणाली, त्या बैलमाऱ्याला म्हनावं, माजा खांदा अजून वर हुत न्हाय. शाळू काढाया आलाय. आठ दिवसांत आला न्हाईस तर दाणं पाखरं खातील, आन् ती बी तुज्याच नावावर लिवीन. इळा घरचा आन. भाकर मिळंल, दुसरं काय बी मिळायचं न्हाय."

गोरोबा गेल्यावर आईनं, अव्वानं विचारलं, कुठं निघालास. पळसखोरीला म्हणालो.

"तिथं कोण आहे आपलं?"

"कुणी नाही. एक बाई आहे, माझा दुस्वास करते."

"याक?" ती म्हणाली. अव्वा चिडली की 'का' सुद्धा कानडीत विचारते. "मग कशाला मरायला जातोस?"

मी विळा धुंडाळत होतो. धाकट्या भावाचा सापडला, बोथट होता. लोहाराकडं दिला आहे. उद्या सकाळी देतो म्हणाला.